पटले परिवार आभारी आहे

माणसाला बोलतं करणं ही कला आहे आणि आमगाव तालुक्यात ती एकाच माणसाला येते, असं मनीराम पटले स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर रोज सांगत. तो माणूस कोण, हे मात्र ते सांगत नसत. नुसती बशी खाली ठेवायचे आणि मिशीवरून हात फिरवायचे. गावाला कळायचं ते कळायचं. शाळा समितीचे ते माजी अध्यक्ष. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली त्यांनी ठोकलेल्या भाषणांत किती पोरं उन्हाने भोवळ येऊन पडली, याचा हिशेब हेडमास्तरांनीही ठेवला नव्हता. भाषण मात्र एकदाही मध्येच थांबलं नाही.

त्यामुळे फाल्गुनात हॉलंडहून मुलाचा फोन आला आणि त्याने जे सांगितलं, ते ऐकून मनीरामजींना काळजी वाटायच्या आधी अपमान वाटला.

"बाबूजी," भुवनेश्वर म्हणाला, "हर्षिता शाळेत बोलत नाही."

"कमी बोलते का?"

"कमी नाही बाबूजी, बोलतच नाही. एक शब्द नाही."

भुवनेश्वर तिकडे इंजिनिअर. आधी दोन वर्षं एकटाच राहिला आणि दिवाळी झाल्यावर बायकोला, म्हणजे दुर्गेश्वरीला, आणि पाच वर्षांच्या हर्षिताला घेऊन गेला. पोरीचं तिथल्या शाळेत नाव घातलं. घरी ती पोपटासारखी बोलायची, पण शाळेच्या फाटकातून आत गेली की तोंडाला कुलूप. वर्गाच्या बाई स्वभावाने गरीब गाय. त्यांनी गाणी म्हटली, बाहुल्या नाचवल्या, शेवटी एक जिवंत ससा आणून पोरीच्या मांडीवर ठेवला. पोरीने ससा कुरवाळला, पण बोलली नाही. ससाही बोलला नाही. आता शाळा म्हणत होती, उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत वाट पाहू, नाहीतर ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांच्या वेगळ्या शाळेत पाठवू. दुर्गेश्वरीने ते ऐकल्यापासून डोळ्याला पदर लावला होता. त्या शाळेत घालण्यापेक्षा मी पोरीला घेऊन आमगावला परत जाते, तुम्ही इथे खुशाल नोकरी करा, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं होतं.

"मुकी?" मनीरामजी फोनमध्ये गरजले. "पटल्याच्या घरातली पोट्टी मुकी?"

आता इथे खरं काय ते सांगितलं पाहिजे. हर्षिता आमगावात होती तेव्हा त्या घरात बाकीच्यांनाच बोलायला मिळत नव्हतं. कुकरसुद्धा तिचं वाक्य संपल्यावर शिट्टी देतो, असं शेजारचे केशोराव बिसेन म्हणायचे. आणि हे बोलणं ती आजाकडून शिकली नव्हती, हे मनीरामजींचं जुनं दुखणं होतं. ती शिकली मुन्नालालकडून.

मुन्नालाल म्हणजे मुन्नालाल साउंड सर्व्हिस. मांडव, खुर्च्या, जनरेटर, भोंगे आणि माइक. आपल्याकडच्या लग्नात मंगलाष्टकं झाली की पंगत बसते आणि तिकडे माइकवर आहेर पुकारणं सुरू होतं. कोण, कुठल्या गावचा आणि काय दिलं. माणसं वरणभात कालवतात, पण कान भोंग्याकडे. शेजाऱ्याने डबा दिला की गंज, म्हणजे मोठं पातेलं, हे कळल्याशिवाय घास गिळत नाही. प्रत्येक आहेरामागून लग्नघराच्या वतीने आभार मानायचे असतात, "अमुक परिवार आभारी आहे." मुन्नालालचा घसा एका मोसमात बसला आणि त्याने ते एवढं वाक्य माइकच्या टेबलावर येऊन बसणाऱ्या हर्षिताला देऊन टाकलं. तो पुकारायचा, थांबायचा, माइक तिच्या तोंडाशी धरायचा, आणि पोरगी खणखणीत आवाजात आभार मानायची. चार वर्षांची असताना तिने सालेकशापासून देवरीपर्यंतच्या निम्म्या परिवारांच्या वतीने आभार मानले होते. मुन्नालाल चुकला तर त्याला तिथल्या तिथे सुधारायची सुद्धा.

मनीरामजींना ते बिलकूल आवडत नसे. "माझी नात भाषण करेल," ते म्हणायचे, "भोंग्यावर भांडे पुकारनार नाही."

तर आता हॉलंडच्या बाईंनीच एक उपाय काढला होता, भुवनेश्वर फोनवर सांगत होता. एका बुधवारी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर, कॉम्प्युटरवरून, आजी-आजा दिसले तर पोरीला धीर येईल. पाच मिनिटं पुरेत. तिच्याशी दोन गोष्टी बोला, नेहमीच्या.

"पाच?" मनीरामजी म्हणाले. "मले दोन खूप झाले. तू पाह्यच."

फोन ठेवला आणि ते भाषण लिहायला बसले. तेही इंग्रजीत. त्यांच्या बायको रुक्माबाई चुलीजवळून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, पोट्टीसंग इंग्रजीत कायले बोलता, तिले का समजते? मनीरामजी म्हणाले, तिच्यासाठी नाही, बाई ऐकतात ना. परदेशातली बाई आहे, तिला कळलं पाहिजे की पोरगी कोणाच्या घरची आहे. हायस्कूलच्या इंग्रजीच्या मास्तरांना दोनदा चहा पाजून भाषण तयार झालं. सुरुवात होती, "रिस्पेक्टेड हेडमिस्ट्रेस, टीचर्स अँड माय डिअर चिल्ड्रन." पुढे तालुक्यातल्या धानाचं वर्णन होतं. हर्षिताचं नाव शेवटच्या परिच्छेदात येत होतं.

रुक्माबाई लाखोरीची डाळ निवडत बसल्या आणि थोड्या वेळाने, जणू डाळीलाच सांगावं तशा, म्हणाल्या, "नाई बोलली तं बरं होईल. घरी येईल वापस."

मनीरामजींची लेखणी थांबली. "तू आजी आहेस का कोन आहेस?"

"आजीच आहो. म्हनून तं म्हनतो."

मनीरामजी रागावले आणि छत्री घेऊन बाहेर पडले. बाहेर ऊन रखरखीत होतं, पावसाचा पत्ता नव्हता, पण छत्री घेतल्याशिवाय त्यांना नीट रागावता येत नसे.

कॉम्प्युटर पिंकी मेश्रामचा. स्टेशनरोडला तिचा कॉम्प्युटर क्लास होता, शटरचा एक गाळा, आत सहा मशीन. पिंकीने सगळं समजून घेतलं, कॅमेरा कुठे लावायचा ते ठरवलं आणि मग सांगितलं की बुधवारी दुपारी लोडशेडिंग आहे. तिकडे सकाळ असते तेव्हा इकडे बरोबर लाइन जाते. तिच्या इन्व्हर्टरची बॅटरी एक पंखा कशीबशी ओढते, इंटरनेट ओढणार नाही.

"मंग जनरेटर लावू," मनीरामजी म्हणाले. त्यांना ही अडचण म्हणजे चिलटासारखी वाटली. पण आमगावात भाड्याने जनरेटर एकाकडेच होतं.

मुन्नालालने हर्षिताचं नाव ऐकलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. भाडं तर त्याने घ्यायचंच नाकारलं. "मेरी असिस्टंट थी वो," तो म्हणाला. "ती गेली तशी लग्नात मजाच नाही राहिली, भैया." मनीरामजींनी घाईघाईने सांगितलं की फक्त जनरेटर पाहिजे, बाकी काही नको. मुन्नालालने मान डोलावली. मान डोलावणारा माणूस ऐकतोच असं नाही, हे मनीरामजींना बुधवारी कळलं.

बुधवारी ते नवा कोट घालून स्टेशनरोडला पोचले, तर पिंकीच्या क्लासपुढे मांडव! झालर लावलेला लाल-पिवळा मांडव, खाली सतरंजी, शंभर खुर्च्या, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकरचे बॉक्स, आणि मधोमध टेबलावर माइक. मुन्नालाल माइकवर फुंकर मारत होता.

"हे का आहे?" मनीरामजींनी विचारलं.

"सेट आहे."

"मी जनरेटर म्हटलो होतो."

"भैया, माझा सेट फुटत नाही. जनरेटर निकला तो पूरा सेट निकलेगा. एकटं जनरेटर नेलं तं लोक म्हनतील, मुन्नालालचे बॉक्स जळले."

भांडायला वेळ नव्हता. पण खुर्च्या भरत होत्या, ते त्यांना दिसलं. तुम्हीच सांगा, मुन्नालालचा मेटाडोर बाजारातून मांडव घेऊन गेला, तर गावाने काय समजायचं? केशोरावांनी सकाळी विचारलंच होतं, काय कार्यक्रम आहे म्हणून. मनीरामजी कोटाची बटणं लावत घाईत म्हणाले होते, नातीचं शाळेचं आहे, हॉलंडला. केशोरावांनी हॉलंड सोडून दिलं आणि कार्यक्रम तेवढा पकडला. पटल्यांच्या नातीचा कार्यक्रम आणि मांडव पडलेला, तेव्हा गावकी आली. आणि आपल्याकडे कार्यक्रमाला रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही. जो तो काखेत काहीतरी धरून आला होता. कोणाच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला गंज, कोणाकडे परातीसारखं कोपर, कोणाकडे ब्लाउजपीस. केशोरावांनी तर स्टीलचा भलामोठा डबा आणला होता आणि वर नाव कोरून घेतलं होतं.

"केशोराव," मनीरामजी दातओठ खात म्हणाले, "लगन नोहोय हे! पोट्टी तिकडे सात समुद्रापार आहे. डबा तिले कसा देशीन?"

"तं काऊन बलावला?"

"म्या बलावलोच नाई!"

केशोरावांचा चेहरा पडला. "बरं," ते म्हणाले, "पण आता आलो तं डबा वापस नेऊ का? लोक का म्हनतील, केशोरावचा डबा पटल्यानं घेतला नाही. पुढच्या लग्नात कोन्या तोंडाने येऊ?" आणि ते पहिल्या रांगेत बसले.

एवढ्यात लाइन गेली. जनरेटर धडधडलं. पिंकीने कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि पडदा उजळला. आधी निळं, मग गोल फिरणारं काहीतरी, आणि मग वर्ग. स्वच्छ, पिवळा वर्ग, जमिनीवर गोल बसलेली सोनेरी केसांची पोरं, मागे खुर्चीवर भुवनेश्वर आणि दुर्गेश्वरी, बाजूला हसऱ्या बाई. आणि मधोमध, दोन वेण्या घालून, गुडघ्यांकडे पाहत बसलेली हर्षिता.

रुक्माबाई मनीरामजींच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला. "केवढीशी झाली वो," त्या पुटपुटल्या. पोरगी लहान झाली नव्हती. त्या गोऱ्या, उंच पोरांमध्ये तशी दिसत होती.

भुवनेश्वर तिकडून काहीतरी बोलला, पण जनरेटरपुढे त्याचा आवाज पोचेना. मुन्नालालने ते पाहिलं आणि कोणी नको म्हणायच्या आत कॉम्प्युटरची वायर आपल्या मशिनीत खोचली. "आता बोला," बॉक्समधून भुवनेश्वर गरजला, तो थेट स्टेशनच्या प्लॅटफॉर्मपर्यंत ऐकू गेला. तिकडच्या पोरांनाही इकडचा आवाज तसाच गेला असणार, कारण चार-पाच जणांनी कानावर हात ठेवले.

मनीरामजींनी कोट सारखा केला, भाषण उघडलं आणि उभे राहिले.

"रिस्पेक्टेड हेडमिस्ट्रेस, टीचर्स अँड माय डिअर चिल्ड्रन..."

हर्षिताने मान वर केली, आजाला पाहिलं, आजीला पाहिलं, आणि पुन्हा गुडघ्यांकडे पाहायला लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मनीरामजी धानाच्या परिच्छेदात शिरले. तेवढ्यात हावड्याकडची मालगाडी आली. ती संपेपर्यंत सगळे थांबले. मालगाडी मोठी होती. डबे संपले तेव्हा मनीरामजींना ओळ सापडेना, ते पुन्हा रिस्पेक्टेड हेडमिस्ट्रेसपासून सुरू झाले. हॉलंडमध्ये एक पोरगा आडवा झाला. बाई हसत होत्या, पण आता त्या घड्याळाकडेही पाहत होत्या, आणि मागे दुर्गेश्वरी नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगत होती. काय ते मनीरामजींना न ऐकता कळलं. पाच मिनिटं संपत आली होती आणि पोरगी मुकीच होती.

"अगे बोल ना!" ते भाषण सोडून ओरडले. "हर्षू! बोल ना बापा काहीतरी!"

पोरीने मान आणखी खाली घातली.

आणि या नाजूक वेळी केशोराव उठले. त्यांचंही खरं होतं. पंगत नाही, पान नाही, इंग्रजी ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते, आणि म्हशीची वेळ झाली होती. ते सरळ चालत कॅमेऱ्यापुढे आले, डबा टेबलावर ठेवला आणि मुन्नालालकडे पाहिलं.

मुन्नालालचा इलाज नव्हता. वीस वर्षांची सवय. समोर भांडं आलं की त्याचं तोंड आपोआप उघडायचं.

"श्री. केशोराव बिसेन," बॉक्स दणाणले, "मुक्काम पोस्ट आमगाव, यांच्याकडून चिरंजीव कुमारी हर्षिता हिला, स्टीलचा मोठा डबा, झाकणासहित, भेट!"

"बंद कर रे!" मनीरामजी माइकवर झेपावले. मुन्नालालने माइक वर धरला. तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता, आणि मनीरामजी भाषण हातात धरून त्याच्याभोवती उड्या मारू लागले. हॉलंडची पोरं उठून बसली. आतापर्यंतच्या कार्यक्रमात त्यांना आवडलेलं हे पहिलंच.

मनीरामजींना दम लागला तसा मुन्नालालने, पुकारून झाल्यावरच्या सवयीने, हात खाली आणला. माइक टेबलाच्या कडेला, पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडाच्या उंचीवर धरून तो थांबला. तिथे कोणी नव्हतं. तो ते विसरला होता, की विसरला नव्हता, हे त्याने नंतरही कोणाला सांगितलं नाही.

नुसतं जनरेटर धडधडत होतं.

आणि दोन्ही बॉक्समधून एक बारीक, पण खणखणीत आवाज आला.

"पटले परिवार आभारी आहे!"

पडद्यावर हर्षिता उभी राहिली होती. बाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. दुर्गेश्वरी खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली. रुक्माबाई रडायलाच लागल्या. मुन्नालालने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "नेक्स्ट."

मग काय विचारता! रांगच लागली. गंज आला, कोपर आलं, ब्लाउजपीस आलं, मुन्नालाल पुकारत गेला आणि हॉलंडहून आभार येत गेले. एकदा मुन्नालालने गावाचं नाव चुकवलं तर तिकडून तिने त्याला झापलं, "मुन्ना आजा, ते रिसाम्याचे नाई, किडंगीपारचे आहेत!" मग तिचं लक्ष स्वतःच्या वर्गाकडे गेलं. एका सोनेरी केसांच्या पोराला वाटलं, आपणही काहीतरी द्यावं. तो आपलं सफरचंद घेऊन तिच्यापुढे आला. पोरीने क्षणभरही विचार केला नाही. दिवाळीनंतर तिने वर्गात कोणाशी चकार शब्द काढला नव्हता, पण नाव सगळ्यांचं माहीत होतं आणि बसायची जागासुद्धा.

"श्री. यान, मुक्काम पोस्ट खिडकीजवळ, यांच्याकडून एक सफरचंद भेट! पटले परिवार आभारी आहे!"

मग तिकडेही रांग लागली. खोडरबर आलं, रंगीत खडू आला, एकीने डोक्याची पिन काढून दिली. शेवटी बाई स्वतः उठल्या आणि त्यांनी आपला पेन दिला. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं आणि त्या रडत रडत हसत होत्या.

इकडे शेवटी रांगेत रुक्माबाई होत्या. मनीरामजींना तेव्हाच दिसल्या. हातात छोटा डबा. सकाळी उठून त्यांनी लाखोरीचे वडे तळले होते आणि पदराखाली घेऊन आल्या होत्या, कोणाला न सांगता. मुन्नालालने हळू आवाजात पुकारलं. पोरीने या वेळी आभार मानले नाहीत. ती पडद्याच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "आजी, ते वडे तू खा. मी आली की दुसरे कर."

"हाव माय," रुक्माबाई म्हणाल्या. "करतो."

आता भुवनेश्वरने हात वर केला. म्हणाला, बाई म्हणताहेत, आजांचं बोलणं राहून गेलं, त्यांनी पूर्ण करावं. मनीरामजी उजळले. चुरगळलेलं भाषण त्यांनी मांडीवर सरळ केलं, कोट ओढला, घसा साफ केला.

"रिस्पेक्टेड..."

"आजा," बॉक्समधून आवाज आला, "आधी आहेर."

मांडवात कोणीतरी खोकलं.

"अगे, मी घरचा मानूस," मनीरामजी हसून म्हणाले. "घरच्याचा आहेर नसते बापा."

"आजीनं देल्ला."

मनीरामजींनी कोटाचे खिसे चाचपले. एका खिशात चष्म्याचं घर, दुसऱ्यात रुमाल, तिसऱ्यात तंबाखूची डबी, आणि ती काही शाळेत देण्यासारखी नव्हती. त्यांनी केशोरावांकडे पाहिलं. केशोरावांनी टेबलावरचा आपला डबा हाताने जवळ ओढला. सगळं गाव पाहत होतं, सगळा वर्ग पाहत होता, आणि मुन्नालालने माइक तयार धरला होता. मनीरामजींनी भाषणाचा कागद पुढे केला.

हर्षिताने कागद पाहिला. विचार केला. तिच्या धंद्यात कागदाला भाव नव्हता.

"श्री. मनीराम पटले," ती म्हणाली, आणि तो आवाज स्टेशन, बाजार, बसस्टँड, सगळीकडे गेला, "मुक्काम पोस्ट आमगाव, यांच्याकडून... काहीच नाही. पटले परिवार आभारी आहे!"

टाळ्या पडल्या. हॉलंडमध्ये आधी आणि इकडे मागून. त्यातच जनरेटरचं डिझेल संपलं, आणि पडदा काळा झाला.

मुन्नालाल वायर गुंडाळायला लागला. लोक आपापली भांडी मनीरामजींच्या पायाशी ठेवून, नमस्कार करून निघाले. फक्त रुक्माबाई आणि ते खुर्च्यांवर राहिले. रुक्माबाईंनी वड्याचा डबा उघडला, एक वडा नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि एक स्वतः घेतला.

"बोलली," त्या म्हणाल्या. "आता नाई येत ते घरी."

तालुक्यात माणसाला बोलतं करणाऱ्या माणसाने वडा मोडून तोंडात टाकला. मग म्हणाला, "वडा चांगला झाला."

वेगळ्या शाळेची गोष्ट मग कोणी काढली नाही. उलट बाईंची तक्रार आली, की वर्गात आता कोणी कोणाला खोडरबर दिलं तरी हर्षिता उभी राहून पुकारते आणि सगळा वर्ग तिच्यामागून आभार मानतो. हळूहळू तिला तिकडची भाषाही येऊ लागली. पण आजी-आजाशी ती अजूनही दर रविवारी पिंकीच्या कॉम्प्युटरवर बोलते, आणि बोलायच्या आधी आहेर लागतो. नियम म्हणजे नियम.

मनीरामजींनी त्याच आठवड्यात बाजारात जाऊन सगळ्यात मोठा गंज घेतला होता, उचलायला दोन माणसं लागतील असा. आता हसणाऱ्या गावाचं तोंड बंद होईल, असं त्यांना वाटलं. पहिल्या रविवारी त्यांनी तो कॅमेऱ्यापुढे ठेवला. दुसऱ्या रविवारीही ठेवला. पण दर आठवड्याला नवा गंज आणायचा, म्हणजे माणूस भांड्याचं दुकान आहे का? आणि गंज तर हॉलंडला जात नाही, इथेच राहतो, तेव्हा पोरीला काय कळतंय! असं त्यांनी टपरीवर सगळ्यांना समजावून सांगितलं. मिशीवरून हात फिरवला.

या रविवारी त्यांनी तोच गंज राखेने घासून, हळदकुंकू लावून, कॅमेऱ्यापुढे ठेवला. पोरीने डोळे बारीक करून पाहिलं.

"श्री. मनीराम पटले, मुक्काम पोस्ट आमगाव, यांच्याकडून," हर्षिता म्हणाली, "तोच गंज. पटले परिवार आभारी आहे."